पेट्रोलचा दर हलला की हायब्रिडची मागणी किती हलते: अंदाज बांधायची पद्धत

पेट्रोल महागलं की हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची साथ असलेल्या) गाड्यांची विचारणा वाढते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरी अडचण पुढे येते. दर दहा टक्क्यांनी चढला तर मागणी किती चढेल? कधी चढेल? आणि कोणत्या गाडीची? शोरूमसाठी स्टॉक मागवणाऱ्याला, कंपनीच्या ताफ्यासाठी गाड्या घेणाऱ्याला आणि बाजाराचा अभ्यास करणाऱ्याला ही तिन्ही उत्तरं लागतात. स्वतःसाठी एकच गाडी घेणाऱ्यालाही यातला पहिला अर्धा भाग जसाच्या तसा वापरता येईल.

पद्धतीचा गाभा असा. हायब्रिडसाठी जे जादा पैसे मोजावे लागतात, त्यांत किती लिटर पेट्रोल आलं असतं हे इंधनाच्या दरावर ठरतं. दर चढला की तोच फरक कमी लिटरचा होतो, उतरला की जास्त लिटरचा. या बदलामुळे निर्णयाच्या काठावर उभे असलेले ग्राहक इकडचे तिकडे होतात. बाकीचे जागचे हलत नाहीत. म्हणून नुसत्या दराचा आलेख बघून मागणी कळत नाही. काठावर किती जण आहेत ते मोजावं लागतं.

आधी मायलेज उलटं करा

‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप हिशेबाला घातक आहे. ते उलटं करून ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असं लिहून घ्या. कृती सोपी आहे: १०० ला मायलेजने भागा.

एक मोठी गाडी लिटरला १० किलोमीटर देते, तिची हायब्रिड १४ देते. एक छोटी गाडी २० देते, तिची हायब्रिड २८ देते. सुधारणा दोन्हीकडे ४० टक्केच. पण मोठ्या गाडीत १०० किलोमीटरला १० लिटरऐवजी ७.१४ लागतात, म्हणजे २.८६ लिटर वाचतात. छोटीत ५ ऐवजी ३.५७, म्हणजे १.४३ लिटर. बचत बरोबर निम्मी. तरी बहुतेकांना २० वरून २८ ही उडी मोठी वाटते, कारण आकडा आठाने वाढलेला दिसतो. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये हाच दृष्टिभ्रम प्रयोगांतून दाखवून दिला होता.

दराच्या परिणामासाठी यातून एक गोष्ट हाती लागते. हायब्रिडची जादा किंमत सारखीच असेल, तर पेट्रोल महागल्यावर मोठ्या गाड्यांच्या हायब्रिडला जास्त धार येते. स्टॉकमधल्या सगळ्या हायब्रिडना एकच वाढ लावू नका.

माहितीपत्रकातला आकडा थेट घेऊ नका, आणि शहरातली धाव महामार्गाच्या धावेत मिसळू नका. हायब्रिड पेट्रोल वाचवते ते मुख्यतः तीन प्रकारे. ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा मोटर जनरेटरसारखी फिरून बॅटरीत साठवते. गर्दीत रांगताना किंवा सिग्नलला इंजिन बंद राहतं. आणि इंजिन चालतं तेव्हा मोटरच्या साथीमुळे त्याला कमी खर्चाच्या टप्प्यात चालवता येतं. एका वेगाने लांब जाणाऱ्या गाडीत पहिली दोन कारणं जवळपास निकामी होतात, त्यामुळे तिथे बचत बरीच घटते. कडाक्याच्या थंडीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यालाही कमी फायदा होतो, कारण इंजिन आणि केबिन तापवण्यासाठी इंजिन चालूच ठेवावं लागतं. म्हणून ग्राहकाला ‘वर्षाला किती किलोमीटर’ एवढंच विचारून भागत नाही. ‘त्यातले शहरात किती’ हेही विचारा.

पुढच्या सगळ्या उदाहरणांत पेट्रोल गाडी १०० किलोमीटरला ६.५ लिटर आणि हायब्रिड ४.५ लिटर धरली आहे. बचत २ लिटर.

जादा किंमत लिटरमध्ये मांडा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश करा. चलन कोणतंही असो, आपण नुसते आकडे घेऊ.

समजा, हायब्रिड आणि त्याच मॉडेलच्या साध्या पेट्रोल गाडीच्या किमतीत २,००,००० चा फरक आहे. हायब्रिड बऱ्याचदा फक्त वरच्या व्हेरियंटमध्ये मिळते. त्यामुळे या फरकात मोठी स्क्रीन, चांगल्या सीट, सनरूफ असं बरंच काही दडलेलं असतं. त्याची किंमत ३०,००० धरून वजा करा. कर आणि विम्यातला फरक १०,००० असेल तर मिळवा. सरकारी सवलत मिळत असेल तर वजा करा. इथे ती शून्य धरू. पाच वर्षांनी विकताना हायब्रिडला साध्या गाडीपेक्षा ३०,००० जास्त येतील असं वाटत असेल तर तेही वजा करा. उरले १,५०,०००.

पेट्रोलचा दर लिटरला १०० असेल तर हा फरक १,५०० लिटरचा झाला. १०० किलोमीटरला २ लिटर वाचतात, म्हणजे फरक फिटायला ७५,००० किलोमीटर धावावं लागेल. दर १२५ झाला की तोच फरक १,२०० लिटरचा होतो आणि ६०,००० किलोमीटरमध्ये फिटतो. दर ८० ला आला तर १,८७५ लिटर, म्हणजे ९३,७५० किलोमीटर.

लिटरमध्ये मोजण्याचा मोठा फायदा तुलनेत आहे. दोन देशांतल्या किंवा दोन काळांतल्या बाजारांची तुलना करताना चलन आणि महागाई यांचा गुंता बराच सुटतो. ‘तिथे हायब्रिडचा फरक ९०० लिटर आहे, इथे १,६०० लिटर’ एवढं वाक्य खूप काही सांगून जातं.

एक सूचना. व्हेरियंटमधल्या सोयींची किंमत वजा करायची राहिली, तर हायब्रिड आहे त्यापेक्षा महाग दिसते आणि ‘हिशेब बसत नसताना लोक घेतात कशी’ असा खोटा प्रश्न उभा राहतो. उलट बाजूने, रीसेलचा अंदाज आजच्या चढ्या दरावर बांधला की फरक खोटाच कमी दिसतो. पेट्रोल उतरलं की जुन्या हायब्रिडचा भावही उतरतो. रीसेल नेहमी सावध धरा.

काठावरचे ग्राहक मोजा

आता वर्षाकाठची धाव आणा. बहुतेक खाजगी ग्राहक गाडी पाच वर्षांच्या आसपास ठेवण्याच्या हिशेबाने विचार करतात असं धरू. मग १०० च्या दराला फरक फिटण्यासाठी वर्षाला १५,००० किलोमीटर धावायला हवं. १२५ ला १२,०००. १५० ला १०,०००. ८० ला १८,७५०.

तुमच्याकडे आलेल्या शेवटच्या शंभर-दोनशे ग्राहकांची वार्षिक धाव कागदावर मांडा. सर्व्हिसिंगच्या नोंदी असतील तर उत्तम, कारण तोंडी सांगितलेली धाव बऱ्याचदा चुकते. नमुन्यादाखल, शंभर ग्राहक असे विभागले आहेत असं समजा: ८,००० च्या आत २६, ८ ते १० हजार १८, १० ते १२ हजार २०, १२ ते १५ हजार १७, १५ ते १९ हजार ११, १९ हजारांच्या वर ८.

१०० च्या दराला हिशेब बसणारे १९ जण. १२५ झाला की १२ ते १५ हजारांतले १७ जण आत येतात आणि संख्या ३६ होते. १५० ला ५६. दर ८० वर घसरला तर जेमतेम ८ उरतात. म्हणजे दरात २५ टक्के वाढ झाली तर हिशेब बसणारे जवळपास दुप्पट झाले, आणि २० टक्के उतरला तर निम्म्याहून कमी राहिले. हिशेब बसलेला प्रत्येक जण हायब्रिड घेतोच असं नाही. पण मागणी कोणत्या दिशेला आणि कितपत जोरात जाईल हे इथे कळतं.

आता हीच रीत टॅक्सीवाल्यांना लावा. वर्षाला ५०,००० किलोमीटर धावणाऱ्याचे वर्षाला १,००० लिटर वाचतात. १०० च्या दराला त्याचा फरक दीड वर्षात फिटतो, ८० च्या दराला पावणेदोन वर्षांपेक्षा थोडा जास्त काळ लागतो. दोन्ही वेळा त्याचं उत्तर एकच. सगळ्यात जास्त पेट्रोल जाळणारा ग्राहक दराच्या चढउताराने सगळ्यात कमी हलतो, कारण तो काठापासून फार आत उभा आहे. हलतो तो मध्यम धावेचा ग्राहक. जाहिरातीचा आणि टेस्ट ड्राइव्हचा जोर कुठे लावायचा, हे यावरून ठरवा.

काठ ही सुईसारखी रेषा मात्र धरू नका. कॅलिफोर्नियातल्या ५७ कुटुंबांच्या मुलाखती घेऊन थॉमस टरेंटाइन आणि केनेथ कुरानी यांनी २००७ मध्ये लिहिलं, की गाडी घेताना इंधनखर्चाचा पद्धतशीर हिशेब कुणीच मांडला नव्हता. लोक पंपावर टाकी भरताना बिलाचा आकडा बघतात, महिन्याचा खर्च बोचतो, मग शोरूममध्ये येतात. तरीही एकूण गर्दी हिशेबाच्या दिशेनेच सरकते. म्हणून आमचा सल्ला असा: काठाच्या दोन्ही बाजूंना पंधरा टक्क्यांचा पट्टा धरा आणि त्या पट्ट्यातल्या ग्राहकांपैकी निम्मेच मोजा. अंदाज थोडा मऊ येतो, पण कमी चुकतो.

कोणता दर धरायचा

कच्च्या तेलाचा दर घेऊ नका, पंपावरचा घ्या. दोघांच्या हालचालीत बरंच अंतर असतं आणि ते अंतर करांवर ठरतं. समजा पंपावरच्या १०० मध्ये ५० स्थिर कर, ३० कच्चं तेल आणि २० शुद्धीकरण व वाहतूक आहे. कच्चं तेल ४० टक्क्यांनी चढलं तर ३० चे ४२ झाले आणि पंपावर ११२, म्हणजे फक्त १२ टक्के वाढ. कर जवळपास नसलेल्या ठिकाणी तीच बातमी पंपावर २३-२४ टक्क्यांची वाढ घेऊन येते. त्यामुळे जास्त कर असलेल्या बाजारात हायब्रिडची मागणी वरच्या पातळीवर असते, पण कमी उसळते. कमी कराच्या बाजारात उलट.

दुसरा प्रश्न: आजचा दर की पुढच्या पाच वर्षांचा? गाडी पुढे चालणार, म्हणून पुढचा दर घ्यायला हवा असं वाटतं. पण सामान्य माणूस पुढचा दर कसा धरतो? सोरेन अँडरसन, रायन केलॉग आणि जेम्स सॅली यांनी अमेरिकी ग्राहकांच्या अपेक्षांची अनेक वर्षांची माहिती तपासली. लोक साधारणपणे, महागाई वगळता, ‘आज आहे तोच दर पुढेही राहील’ असं धरून चालतात. याला मोठा अपवाद २००८ च्या मंदीचा: दर कोसळला तेव्हा लोकांना तो पुन्हा चढेल असं वाटत होतं, आणि तसंच झालं. तेव्हा मागणीच्या अंदाजासाठी आजचा दर धरणं योग्य आहे. फक्त एका आठवड्याच्या उसळीवर उडी मारू नका. गेल्या तीन महिन्यांची सरासरी घ्या आणि तिच्यातून महागाई वजा करा. दहा वर्षांची तुलना करताना महागाई काढली नाही, तर जुना चढा दर आज स्वस्त वाटतो आणि सगळं गणित तिरकं होतं.

गाडीत पेट्रोलशिवाय डिझेलचाही पर्याय असेल, तर दोन्ही दर वेगळे लिहा. हायब्रिड डिझेलशी झुंजत असेल, तर नुसता पेट्रोलचा दर चढणं हायब्रिडला फारसं उपयोगी पडत नाही.

मागणी म्हणजे नेमकं काय मोजायचं

नोंदणी झालेल्या गाड्या म्हणजे विक्री. विक्री म्हणजे मागणी नव्हे. हा फरक विसरला की काय होतं, ते २००८ मध्ये अमेरिकेत दिसलं.

त्या वर्षी जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत पोचलं आणि पेट्रोलची देशभरातली सरासरी गॅलनला ४ डॉलरच्या वर गेली. त्या उन्हाळ्यात टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडसाठी रांगा होत्या, शोरूममध्ये गाड्या शिल्लक नव्हत्या. तरीही त्या अख्ख्या वर्षात अमेरिकेत हायब्रिड गाड्या २००७ पेक्षा कमी विकल्या गेल्या. नुसता वार्षिक आकडा बघणारा म्हणेल की महाग पेट्रोलचा काही परिणाम झाला नाही. प्रत्यक्षात दोन गोष्टी घडल्या. मागणी चढली तेव्हा बॅटरी आणि गाड्यांचा पुरवठा तेवढा नव्हता. आणि पुरवठा सुधारायच्या वेळी शरदातलं आर्थिक संकट आलं, कर्जं आटली, सगळाच गाडी बाजार बसला, आणि डिसेंबरपर्यंत पेट्रोल गॅलनला २ डॉलरच्याही खाली आलं.

म्हणून चार गोष्टी एकत्र बघा. एक, एकूण विक्रीतला हायब्रिडचा टक्का. नुसती संख्या नको, कारण मंदीत सगळंच घटतं. दोन, बुकिंग आणि वेटिंगचे आठवडे. तीन, सूट किंवा सूट नसणं: मागणी जोरात असली की शोरूम पैसे सोडत नाही, आणि हा संकेत विक्रीच्या आकड्याआधी मिळतो. चार, सेकंड-हँड बाजारातला भाव.

चौथी गोष्ट अनेकजण सोडून देतात, आणि तीच सगळ्यात चपळ आहे. मेघन बुस, ख्रिस्तोफर निटेल आणि फ्लोरियन झेटलमायर यांच्या २०१३ च्या अभ्यासात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला एक डॉलरने चढलं, की सर्वाधिक मायलेज देणाऱ्या पाव हिश्श्यातल्या नव्या गाड्यांचा बाजारातला वाटा २१.१ टक्क्यांनी वाढत होता आणि सर्वात कमी मायलेजच्या पाव हिश्श्याचा २७.१ टक्क्यांनी घटत होता. (हे वाट्यातले टक्के आहेत: १० चा वाटा सुमारे १२ झाला असं समजा.) त्याच वेळी या दोन टोकांमधला किमतीचा फरक नव्या गाड्यांत ३५४ डॉलरने, तर जुन्या गाड्यांत १,९४५ डॉलरने सरकत होता. कारण सरळ आहे. कारखाना जास्त गाड्या बनवू शकतो, म्हणून नव्या गाड्यांत संख्या बदलते. जुन्या गाड्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून तिथे भाव बदलतो.

वेळेचा क्रम साधारण असा असतो: चौकशी काही आठवड्यांत वाढते, जुन्या हायब्रिडचा भाव आणि नवी बुकिंग त्यामागोमाग, नोंदणी मात्र वेटिंग जितकं तितकी उशिरा. वेटिंग पाच महिन्यांचं असेल तर आजच्या नोंदणीत पाच महिन्यांपूर्वीचा दर बोलत असतो. आलेख जुळवताना तेवढा सरकवून लावा.

दराच्या खात्यावर दुसऱ्याची कमाई मांडू नका

पेट्रोल आणि हायब्रिड दोन्ही एकाच वेळी चढले म्हणजे एकामुळे दुसरं झालं, असं लगेच लिहू नका. पुढच्या गोष्टी आधी वेगळ्या काढा.

सरकारी सवलती. जपानमध्ये २००९ साली पेट्रोल आदल्या वर्षीच्या शिखरापेक्षा बरंच स्वस्त होतं, तरी त्याच वर्षी प्रियस तिथली सर्वाधिक खपाची गाडी ठरली. एप्रिलपासून पर्यावरणस्नेही गाड्यांना करसवलत लागू झाली होती, मे महिन्यात तिसऱ्या पिढीची प्रियस आली होती. दराच्या आलेखातून यातलं काहीच सापडलं नसतं. अमेरिकेत २००६ पासून हायब्रिडला आयकरात सवलत होती, तीही प्रत्येक कंपनीच्या ६०,००० गाड्या विकल्या गेल्यावर टप्प्याटप्प्याने बंद होणारी. म्हणजे सवलत संपण्याच्या तोंडावर खरेदीची घाई आणि नंतर खड्डा. आरी बेरेस्तेआनू आणि शांजुन ली यांनी दोन्ही परिणाम वेगळे केले: पेट्रोल १९९९ च्याच पातळीवर राहिलं असतं तर २००६ मधली हायब्रिड विक्री ३७ टक्के कमी झाली असती, आणि करसवलतीचा परिणाम सुमारे २० टक्के होता. दराचा वाटा मोठा खरा, पण सगळा नाही.

पुरवठा. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधलं उत्पादन खोळंबलं. पेट्रोल चढं असूनही हायब्रिड हव्या तेवढ्या मिळत नव्हत्या. असे महिने हिशेबातून काढा किंवा त्यांना वेगळी खूण करा.

मॉडेलांची संख्या आणि पर्यायच न उरणं. अमेरिकेत २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोलची सरासरी गॅलनला ५ डॉलरच्या पुढे गेली. २०२३ मध्ये ती उतरली, आणि हायब्रिडची विक्री नेमकी त्याच वर्षी १० लाखांच्या पार गेली. चिपचा तुटवडा ओसरला होता आणि हायब्रिडमध्ये मिळणाऱ्या गाड्याही वाढल्या होत्या. पुढे टोयोटाने २०२५ सालची कॅमरी फक्त हायब्रिड म्हणूनच आणली. त्या गाडीपुरता ‘हायब्रिड की साधी’ हा प्रश्नच मिटला. अशी मॉडेलं तुमच्या आकड्यांत असतील तर त्यांना बाहेर ठेवून एक हिशेब आणि आत धरून दुसरा, असे दोन करा.

हायब्रिड म्हणजे कोणती? ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड सहसा नुसत्या विजेवर चालत नाही आणि तिची बचत बरीच थोडी असते. युरोपातल्या कारनिर्मात्यांच्या संघटनेच्या आकड्यांत माइल्ड आणि फुल हायब्रिड एकाच रकान्यात येतात. बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिडचं गणित तर पेट्रोल आणि वीज अशा दोन दरांवर चालतं. तिन्ही एकत्र मिसळल्या तर दराचा परिणाम पाण्यात मीठ विरघळावं तसा नाहीसा होतो.

लवचिकता काढा

आता साधा भागाकार. दर १ टक्का बदलल्यावर हायब्रिडचा वाटा किती टक्के बदलतो, ही लवचिकता. स्प्रेडशीटमध्ये दोन्ही आकड्यांचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या. दर १०० वरून ११० झाला आणि वाटा ४.० टक्क्यांवरून ४.६ टक्के झाला, तर ४.६ भागिले ४ याचा लॉगरिदम ०.१४०, ११० भागिले १०० याचा ०.०९५. भागाकार सुमारे १.५. म्हणजे दर १ टक्का चढला की वाटा दीड टक्क्याने वाढला.

दोनच महिन्यांवरून हा आकडा कधीही काढू नका. किमान तीन वर्षांचे मासिक आकडे घ्या आणि स्प्रेडशीटमधलं रिग्रेशन (एका आकड्यावर अनेक कारणांचा परिणाम वेगवेगळा काढणारं गणित) चालवा. वाट्याचा लॉगरिदम एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला ठेवा: तीन महिन्यांच्या सरासरी दराचा लॉगरिदम, बाजारातल्या हायब्रिड मॉडेलांची संख्या, सवलत चालू होती की नव्हती, महिन्याचं नाव, आणि काळाचा सरळ कल. हे शेवटचं विसरू नका. हायब्रिड तंत्र वर्षागणिक रुळत जातं, लोकांचा बॅटरीवरचा भरवसा वाढतो. हा कल वेगळा काढला नाही तर त्याचं श्रेय दराला जातं. पुरवठा तुटलेले महिने वगळून पुन्हा चालवून बघा. दोन्ही वेळा लवचिकता फार वेगळी आली तर पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आणि आलेली संख्या काठावरच्या ग्राहकांच्या मोजणीशी ताडून घ्या. शंभर जणांच्या उदाहरणात १०० ते १२५ मध्ये संख्या १९ वरून ३६ झाली. त्याचा लॉगरिदम ०.६३९, दराचा ०.२२३; लवचिकता २.९. पण १२५ ते १५० मध्ये ३६ ची ५६ झाली: ०.४४२ भागिले ०.१८२, म्हणजे २.४. एकाच बाजारात लवचिकता बदलली, कारण काठ सरकला तशी त्याच्या आसपासची गर्दी बदलली. एका दराला काढलेली लवचिकता भलत्याच दराला लावू नका.

वर इलेक्ट्रिक, खाली सुधारलेली पेट्रोल गाडी

दर खूप चढला की हायब्रिडला दुसरीकडून ओढ लागते. इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिट वीज लागते आणि एक युनिट पेट्रोलच्या दराच्या दहाव्या हिश्श्यात पडतं असं धरा. तिचा खर्च १.५ लिटर पेट्रोलएवढा झाला. हायब्रिडला ४.५ लागतात, म्हणजे तिच्यापेक्षाही ३ लिटर बचत. पेट्रोल आणखी चढलं आणि वीज जागीच राहिली तर ही बचत अजून फुगते. घरी चार्जिंगची सोय असलेला, जास्त धाव असलेला ग्राहक अशा वेळी हायब्रिड ओलांडून थेट इलेक्ट्रिककडे जातो. हायब्रिडला ग्राहक मिळतात ते खालून, साध्या पेट्रोल गाड्यांमधून. म्हणून मोजणीत दोन काठ ठेवा, आणि घरी चार्जिंग असलेले ग्राहक वेगळ्या रकान्यात लिहा.

दर उतरतो तेव्हाचा धोका वेगळा असतो. अमेरिकेत २०१३ साली जवळपास ५ लाख हायब्रिड खपल्या होत्या. २०१४ च्या मध्यापासून तेल कोसळलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये पेट्रोल गॅलनला १.८० डॉलरच्या खाली आलं. २०१६ मध्ये हायब्रिड साडेतीन लाखांच्या आसपास उरल्या, आणि तेही एकूण गाड्यांची विक्री विक्रमी असताना. स्वस्त पेट्रोल हे एक कारण. दुसरं कारण कमी बोललं जातं: त्या काळात साध्या पेट्रोल गाड्यांचं मायलेजही सुधारलं होतं.

आपल्या उदाहरणात साध्या गाडीचं नवं इंजिन ६.५ ऐवजी ५.८ लिटरमध्ये भागवू लागलं असं समजा. दर १०० वरच आहे. हायब्रिडची बचत २ वरून १.३ लिटर झाली, आणि १,५०० लिटरचा फरक पाच वर्षांत फेडायला वर्षाला १५,००० ऐवजी २३,००० किलोमीटर धावावं लागेल. दर ८० वर घसरल्याने काठ १८,७५० ला गेला होता. शेजारच्या गाडीच्या नव्या इंजिनाने त्याहून जास्त ढकलला. दोन्ही एकदम झालं तर काठ २८,८०० च्या पुढे जातो, आणि तिथे ग्राहक जवळपास उरतच नाहीत. काठ पुन्हा १५,००० वर आणायचा तर फरक ९७५ लिटरवर यायला हवा: एकतर पेट्रोल १५४ व्हायला हवं, किंवा १०० च्या दरालाच हायब्रिडची जादा किंमत १,५०,००० वरून ९७,५०० वर उतरायला हवी. दर कुणाच्या हातात नसतो, किंमत असते. म्हणून स्पर्धक पेट्रोल गाडीचं नवं मॉडेल आलं की पुढचा स्टॉक मागवण्याआधी ही दोन ओळींची आकडेमोड पुन्हा करा, पंपावरचा दर त्या आठवड्यात हललेला असो वा नसो.